बेचाळीस प्रश्न आणि एक सही

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

ब्रेक ब्लॉकच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत टीव्हीखाली कोरी पडून होती. माझी बायको मृदुला तिच्यावर चहाचा कप ठेवायची, त्याचं वर्तुळ उमटलंय. आज उघडली, कारण डॉक्टर हर्षित जे बोलले ते कुठेतरी उतरवून ठेवायला पाहिजे आणि ऑफिसच्या रजिस्टरमध्ये घरचं लिहिता येत नाही.

आमची अनुया सोळा वर्षांची, अकरावीत आहे. वजन एकशे वीसच्या वर. वर किती ते माहीत नाही, कारण दवाखान्याचा काटा एकशे वीसनंतर नुसत्या रेघा दाखवतो. साखर वाढलेली, लिव्हरवर चरबी, गुडघे दुखतात. झोपेत घोरते आणि मधेच श्वास थांबतो. हे शेवटचं डॉक्टरांनी मला सांगायची गरज नव्हती. दोन वर्षं झाली, मी तिच्या दारात उभा राहून मोजतो. एकदा बावीसपर्यंत मोजलं होतं. मृदुलाला हे सांगितलेलं नाही, उगाच तिची झोप उडेल.

डॉक्टर म्हणाले, "वायकोळे साहब, सर्जरी के बारे में सोचिए. पेट छोटा कर देते हैं."

मी विचारलं, एवढ्या लहान पोरीला सेफ आहे का? म्हणाले, "काफी सेफ है."

काफी म्हणजे किती? सव्वीस वर्षं मी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांच्या देखभालीत, काढली. माझा एखादा माणूस "साब, ब्रेक काफी ठीक हैं" म्हणाला असता तर मी गाडी सोडली असती का? त्याला सोडला नसता.

अनुया सगळा वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी टाईप करत होती. तिला कशाचं काही पडलेलं नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट

उद्याच्या झेंडावंदनाची तयारी मुकेशवर सोपवून दिवसभर कागद घेऊन बसलो होतो.

ही डायरी कुणी वाचू नये, पण वाचलीच तर कळावं म्हणून लिहितो. गाडी सुटण्याआधी आमची माणसं डब्यांखाली वाकून ब्रेक, चाकं, पाईप सगळं तपासतात आणि मग एक कागद तयार होतो, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. त्यावर आमची सही, गार्डची सही आणि ड्रायव्हरची सही. तिन्हीपैकी एक नसेल तर गाडी जागची हलत नाही, आत मंत्री बसलेला असला तरी. अपुऱ्या कागदावर माझ्या हातून आजवर एक गाडी गेलेली नाही. एकदा एका मोठ्या साहेबांनी फोनवर आवाज चढवला होता. मी म्हटलं, साहेब, आधी सही होऊ द्या, मग ओरडा.

तर अनुयाच्या ऑपरेशनसाठी तसाच कागद करतोय. आमचाच जुना फॉर्म समोर ठेवून बेचाळीस प्रश्न काढले. सर्जनने आजवर अशी किती ऑपरेशनं केली, त्यातली अठरा वर्षांखालची किती. टाक्यांतून गळती झाली तर काय. पायात रक्ताची गाठ झाली तर काय. भूल देणारा कोण, त्याला एवढ्या वजनाची सवय आहे का. रात्री काही झालं तर हॉस्पिटलात कोण जागं असतं. खाली तीन सह्यांच्या जागा: सर्जन, भूलतज्ज्ञ, वडील. स्वतःचीच पाठ थोपटावी असा कागद झालाय.

मुकेश आमचा फिटर, इथलाच बुंदेली माणूस. त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "साब, मोड़ी सें पूछी?" मोड़ी म्हणजे मुलगी. मी म्हटलं, मोड़ीला काय विचारायचं, तिला त्यातलं काय कळतंय?

येताना सीपरी बाजारातून चार कचोऱ्या घेतल्या, नेहमीसारख्या. त्यातल्या दोन अनुयाला. अभ्यास करून भूक लागते पोरीला.

रविवार, १८ ऑगस्ट

वजनाचा प्रश्न मार्गी लावला. दवाखान्याचा काटा पुरत नसेल तर पुरेल असा काटा आपल्याकडे आहे की! अनुयाला स्कूटरवर घेऊन स्टेशनवर गेलो आणि पार्सलच्या काट्यावर उभं केलं. मागच्याच महिन्यात त्याची तपासणी झालीय, शंभर ग्रॅमचा फरक नाही.

आमची पद्धत अशी की एकाने आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. मी वाचला, "एक सौ तेईस दशमलव चार!" मुकेशने लिहिला. खात्रीसाठी पुन्हा वाचला. तिथे आठदहा हमाल बसले होते. त्यातला एक म्हणाला, "किधर को बुक करना है, साब?" सगळे हसले, मीही हसलो. माणसं दिलखुलास आहेत.

परत निघताना अनुया स्कूटरवर बसली नाही, चालत येते म्हणाली. चांगलं आहे, तेवढाच व्यायाम होतो. घरी येऊन सरळ खोलीत गेली, जेवलीही नाही. थकली असेल.

मंगळवार, २७ ऑगस्ट

गोपाळकाल्याला मृदुलाच्या माहेरी, खंडेराव गेटजवळ. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इथे आलं ते इथलंच झालं. मी भुसावळचा, बदलीवर आलेला, त्यामुळे एकवीस वर्षं झाली तरी त्यांच्या हिशेबी मी अजून पाहुणाच. मृदुलाच्या सरलामावशी तिथल्या मोठ्या. त्यांच्यापर्यंत ऑपरेशनची बातमी पोचली होती.

"भूषणराव, पोरीचं पोट कापणार म्हणे तुम्ही?"

मी समजावायला गेलो, साखर, लिव्हर, श्वास. मावशींनी हातानेच थांबवलं. "अंगानं भरलेली आहे, एवढंच. आमच्या सगळ्याच बायका तशा." असं म्हणत त्यांनी अनुयाच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली. अनुया "बस, मावशीआजी" म्हणाली तर उत्तर आलं, "बस कशाला? मी काय वजन करतेय तुझं?"

मग मावशींनी ललितपूरच्या कुणा बाईची गोष्ट काढली. हेच ऑपरेशन केलं आणि गेली बिचारी. प्रश्नावर प्रश्न विचारल्यावर कळलं की ती गेली ऑपरेशननंतर सहा वर्षांनी, ट्रॅक्टर उलटून.

"पण गेलीच ना?" मावशी म्हणाल्या.

मृदुला येताना रिक्षात रडली. तिला दोन्ही भीत्या वाटतात. केलं तर काय आणि नाही केलं तर काय. मला फक्त एकच वाटते, पण कोणती ते दर तासाला बदलतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

एका नव्या क्लिनिकचा मोठा फलक लागलाय, "हफ्ते भर में नई ज़िंदगी". त्यावर एक बाई स्वतःच्याच जुन्या सलवारीच्या एका पायात उभी आहे. कुठे आहे, नाव काय ते लिहीत नाही, उगाच कुणाची बदनामी नको. आज तिघंही गेलो.

डॉक्टर हसतमुख माणूस. अनुयाकडे एकदा पाहून म्हणाले, "अगले मंगलवार कर देते हैं. गणपती के बाद ऑफर बंद हो जाएगा." वय विचारलं नाही. मागच्या तपासण्या पाहिल्या नाहीत. मी माझा कागद पुढे केला. त्यांनी पेन काढलं आणि बेचाळीसच्या बेचाळीस रकान्यांत बरोबरच्या खुणा करून सही ठोकली. मी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

खरं सांगतो, क्षणभर खूप हलकं वाटलं. सगळ्या खुणा बरोबर, खाली सही. मृदुलाने तर हात जोडले.

घरी आल्यावर अनुयाने कागद मागितला. वाचत बसली. मग खोलीतून तिचा आवाज आला, "पापा, मेरे पहिये चेक हो गए?"

मला वाटलं मस्करी करतेय. पाहिलं तर एकतिसावा प्रश्न: चाकांची झीज मर्यादेत आहे का? आमचा जुना फॉर्म समोर ठेवून लिहिताना तो तसाच उतरला होता. आणि त्या गृहस्थांनी त्याच्यापुढे खूण केली होती. माझ्या मुलीची चाकं मर्यादेत आहेत असं लिहून दिलं होतं.

टेबलावर बसून भरलेला कागद मी शंभर पावलांवरून ओळखतो. डब्याखाली न वाकता भरलेला. अशांना मी मेमो दिलेत. आणि इथे माझ्या पोरीच्या बाबतीत मी दोन तास तो कागद खिशात घेऊन खूश होऊन हिंडत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. चूक माझी, पण तिने पकडली हेही लिहून ठेवतो.

मंगळवारचं रद्द.

गुरुवार, १९ सप्टेंबर, भोपाळ

गणपती झाले. (मोदकांबद्दल काही लिहीत नाही.) डॉक्टर हर्षितनी चौकशी करून भोपाळच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर कश्मिरांचं नाव दिलं. लहान मुलांचीही ही ऑपरेशनं करतात, सोबत आहारवाली, मानसशास्त्रवाली, मुलांचे डॉक्टर असं सगळं पथक. बाई मूळच्या इंदूरच्या, मराठी बोलतात. वय माझ्यापेक्षा कमी, चष्मा माझ्यापेक्षा जाड.

नव्याने उतरवलेला कोरा कागद दिला, एकतिसावा प्रश्न त्यातही तसाच राहिला होता. त्यांनी तो वाचला. प्रत्येक प्रश्न वाचला. मधे दोन वेळा नर्स बोलवायला आली तर तिला थांबवलं. एकतिसाव्यावर आल्या, वर पाहिलं, "चाकं?"

मी सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

मग एकेक उत्तर दिलं. जिथे आकडा होता तिथे आकडा, जिथे माहीत नाही तिथे "माहीत नाही" असं लिहिलं. जठराचा बराच मोठा भाग कायमचा काढून टाकतात, तो परत येत नाही. चांगल्या पथकाच्या हाती मोठा त्रास थोड्यांनाच होतो, पण होतो. लोह, बी बारा, हाडांचं कॅल्शियम, या गोळ्या जन्मभर, दरवर्षी रक्ततपासणी. गोळ्या सोडल्या तर दुखणं नवीन. वजन काहींचं पुन्हा चढतं. विशीतिशीत काय होतं ते बऱ्यापैकी माहीत आहे, पन्नाशीत काय होतं ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही.

"म्हणजे धोका शून्य नाही?" मी विचारलं.

"शून्य म्हणणारा डॉक्टर मिळाला तर पळून या. पण न करण्याचा धोकाही शून्य नाही, वायकोळे. तिची साखर सोळाव्या वर्षी ही आहे."

त्या लगेच करणार नाहीत. आधी सहा महिने: खाणं, चालणं, साखरेचं औषध, झोपेत श्वास चालू ठेवणारं यंत्र. हे सगळं घराने मिळून करायचं, एकट्या तिने नाही. त्यानंतर गरज उरली तर.

मग आम्हाला दोघांना बाहेर बसवलं आणि अनुयाशी एकटीशी बोलल्या. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत काय बोलत होत्या कोण जाणे, ती घरी आमच्याशी चार वाक्यं बोलत नाही. मधे एकदा आतून हसण्याचा आवाज आला.

निघताना मी अभिमानाने सांगितलं की आमच्या गाडीच्या कागदावर तीन सह्या लागतात, तपासणाऱ्याची, गार्डची, ड्रायव्हरची. त्यांनी माझ्या कागदाच्या खाली बोट ठेवलं. सर्जन, भूलतज्ज्ञ, वडील.

"यात ड्रायव्हर कुठे आहे?"

मी म्हटलं, ड्रायव्हर म्हणजे तुम्हीच की.

"मी तपासणारी. तुम्ही फार तर गार्ड, मागच्या डब्यात. दोन तासांनी मी हात धुऊन घरी जाईन. त्यापुढची साठ वर्षं गाडी कोण चालवणार?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझा कागद अपुरा म्हणून परत आला.

शुक्रवार, २० सप्टेंबर

कागद नवीन केला. एकतिसावा प्रश्न काढला, खाली चौथी जागा आखली: ड्रायव्हर, कु. अनुया भूषण वायकोळे. शेजारी शेऱ्याचा रकाना. तिला पेन दिलं.

"सोचूँगी," म्हणाली, आणि कागद स्वतःच्या कपाटात ठेवून दिला. माझा कागद, तिच्या कपाटात.

रविवार, १३ ऑक्टोबर

घरात दुधी आहे. सकाळी दुधीचा रस, दुपारी दुधीची भाजी, परवा दुधीचं थालीपीठ होतं त्यात थालीपीठ कमी आणि दुधी जास्त होता. पहाटे तिघं छावणीतल्या शांत रस्त्यावर चालतो. तिथला पहारेकरी पहिल्या दिवशी संशयाने बघायचा, आता मला धाप लागली की मान हलवून धीर देतो. अनुया पुढे असते. मी मागे, मृदुला त्याच्याही मागे मोबाईलवर माहेराशी बोलत.

झोपेचं यंत्र आलं. नाकावर मुखवटा, त्याला पाईप, पाईपमधून हवेचा दाब. मी पाईपचा जोड तपासला, थोडी गळती होती, घट्ट केली. अनुया म्हणाली, "पापा, मैं डिब्बा नहीं हूँ." पण तिला बरं वाटतंय. दुपारी वर्गात झोप येत नाही म्हणते. मी सवयीने दारात उभा राहिलो. एक, दोन, एक, दोन, कुठेच थांबत नाही. उभा राहून पाय दुखले तरी जाववेना.

शनिवार, १९ ऑक्टोबर

झालं ते प्रामाणिकपणे लिहितो. ऑफिसातून येताना स्कूटर आपोआप सीपरी बाजारात वळली. एकच कचोरी, उभ्याउभ्या. चटणी घेतली तोच शेजारच्या टपरीवर ओळखीची पर्स दिसली. मृदुला, हातात समोसा.

तिने समोसा पर्सच्या मागे धरला. मग ती म्हणाली, "अहो, तुम्ही इथे कसे?" मी म्हटलं, तू कशी? घरी काही बोलायचं नाही असं ठरवून दोघं वेगवेगळ्या रस्त्याने आलो.

फ्रिजवर अनुयाने एक तक्ता लावलाय, आठवडाभर कोण काय खातो त्याचा. तिच्या रकान्यात सगळं खरं लिहिलेलं असतं. काल तिने शाळेत अर्धा वडापाव खाल्ला तेही. आमच्या दोघांच्या रकान्यात आज संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने लिहिलं, "फळ". ती तक्त्याकडे बघत बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "पापा, शर्ट पे चटनी है."

रविवार, १५ डिसेंबर

तीन महिने संपत आले. ती एकशे सतरावर आलीय, साखर थोडीच खाली आलीय. कश्मिराबाई फोनवर म्हणाल्या, मेहनत खरी आहे, पण एवढ्याने भागेल असं वाटत नाही. मार्चमध्ये ठरवू. तारीख धरून ठेवायची तर कागद पुरा हवा.

आज विचारलं, सही का करत नाहीस? भीती वाटते का? नाही म्हणाली. करायचं नाही का? तसंही नाही म्हणाली. मग गाडी अडलीय कुठे? माझा आवाज चढला. मृदुला मधे पडली तर तिच्यावरही चढला. तेव्हा अनुयाने कपाटातून कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला. सहीची जागा कोरी. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात एक ओळ होती, शाई जुनी, बहुतेक सप्टेंबरातलीच.

"मैं पार्सल नहीं हूँ."

मला आधी कळलंच नाही. पार्सल कुठून आलं? ती खोलीत गेली. मी ही डायरी काढून मागची पानं चाळली. १८ ऑगस्ट. मीच लिहिलं होतं. मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, सगळे हसले, मीही हसलो. चालत आली, चांगलं आहे, व्यायाम होतो. थकली असेल.

स्टेशनपासून घर साडेतीन किलोमीटर आहे. गुडघे दुखत असताना ती तेवढं चालली, माझ्या मागे स्कूटरवर बसायचं नव्हतं म्हणून. आणि मी ते व्यायामात लिहिलं.

तेवढ्यावर थांबलो नाही, सगळीच पानं वाचली. १२ ऑगस्टला ती टाईप करत होती ते काय, हे दार वाजवून विचारलं. तिने मोबाईल दाखवला. डॉक्टर हर्षित बोलले तो शब्दन् शब्द, आणि खाली तिचे स्वतःचे प्रश्न. एकोणीस. त्यातले सात माझ्या बेचाळिसात नाहीत. नववा असा: "अगर बाद में भी लोग हँसे तो?"

शनिवार, २१ डिसेंबर

अनुयाला म्हटलं, स्टेशनवर चल. तिचा चेहरा उतरला. म्हटलं, तुला काट्यावर चढायचं नाही, शपथ. आली, पण स्कूटरवर नाही, रिक्षाने, माझ्या मागे मागे.

पार्सलमध्ये तेच हमाल. मी बूट काढले, टोपी काढली, खिशातला टॉर्च काढून मुकेशला दिला आणि काट्यावर चढलो. सीनियर सेक्शन इंजिनियर, एकावन्न वर्षं वय. सगळे जागच्या जागी थांबले. त्याच माणसाने तोंड उघडलं, "किधर को..." आणि मुकेशने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड मिटलं.

मी म्हटलं, पद्धतीप्रमाणे एकाने आकडा मोठ्याने वाचायचा. अनुया, वाच.

ती दाराशी उभी होती. बराच वेळ आलीच नाही. मी तसाच उभा, मोज्याला भोक, पोट पुढे, सगळ्यांच्या नजरा पोटावर. दोन मिनिटंच असतील, पण मला घाम फुटला. ती ऑगस्टमध्ये किती वेळ उभी होती ते आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही.

शेवटी ती जवळ आली. काट्याकडे वाकून पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "एक सौ चार, पापा."

मुकेश वही घेऊन तयार होता. "बिटिया, कित्तो?"

"लिखना नहीं है, भैया," ती म्हणाली.

मी खाली उतरलो. बूट घालताना लेस काही केल्या बांधता येईना. अनुयाने खाली बसून बांधून दिली. घरी येताना स्कूटरवर मागे बसली.

मंगळवार, ११ मार्च २०२५

परीक्षा सुरू आहे. भोपाळला जाऊन आलो. ती एकशे चौदा, मी सत्त्याण्णव. साखर अजून औषधाशिवाय राहत नाही. कश्मिराबाईंनी तिला पुन्हा एकटीला आत घेतलं. बाहेर आली तेव्हा कागद तिच्या हातात होता, सही केलेली. पुरं नाव, मराठीत, शाळेत कधी मराठी शिकली नसताना. शेऱ्याच्या रकान्यात जुन्या ओळीखाली एक नवीन: "परीक्षा के बाद. अपनी मर्ज़ी से."

सहा महिने मी रोज त्या सहीची वाट पाहिली आणि आज ती समोर आल्यावर कागद दोनदा तपासला. आता ही गाडी खरंच सुटणार. तिचे एकोणीस प्रश्नही कागदाला जोडलेत, प्रत्येकाखाली बाईंच्या हातचं उत्तर. नवव्याखाली लिहिलंय, "हसतील. तेव्हा मला फोन कर."

सरलामावशींना सांगितलं. संध्याकाळी त्यांनी डबा पाठवला, उघडून पाहिला तर आत दुधीचे मुटके, वाफवलेले.

मंगळवार, १५ एप्रिल, भोपाळ

सकाळी सव्वाआठला नेलं. ट्रॉली आणली होती, अनुया म्हणाली, चलके जाऊँगी. दाराशी वळून आमच्याकडे पाहिलं.

आमच्या कामात कागद दिला की काम संपत नाही. गाडी हलली की आपण रुळाशेजारी उभं राहायचं, प्रत्येक चाक समोरून जाताना बघायचं, ऐकायचं, आणि शेवटच्या डब्याचा दिवा दिसेनासा होईपर्यंत जागा सोडायची नाही. मी तसाच उभा राहिलो. दार बंद झालं, तरी उभा राहिलो. मृदुलाने हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मग मला रडू आलं. आजूबाजूला लोक होते, तरी आलं.

पावणेबारा. काही निरोप नाही. मृदुलाने डबा उघडला. ती खात नाही, मीही नाही.

बारा वीस. कश्मिराबाई बाहेर आल्या, टोपीखाली केस घामाने ओले. म्हणाल्या, ठरल्याप्रमाणे झालं. आज आणि उद्या डोळ्यात तेल घालून बघणार, मग पुढचे महिने, मग वर्षं. मी म्हटलं, म्हणजे अजून शून्य नाही. त्या म्हणाल्या, नाही. मला बरं वाटलं.

साडेतीन. एकेकाला आत सोडलं. नळ्या लावलेल्या, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. मला पाहून काहीतरी पुटपुटली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"पापा... कचोरी तो नहीं खाई?"

खाल्ली नाही. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत चांगली मिळते असं इथल्या पहारेकऱ्याकडून काढून ठेवलं होतं, हे मात्र लिहितो. तिथे गेलो नाही. तक्त्यात लिहिण्यासारखं आज मी काहीच खाल्लेलं नाही, घरी गेलो की माझ्या रकान्यात "काहीच नाही" असं खरं तेच लिहीन.